ग्राफिक्स कार्डाचे खोके काय सांगत नाही

मागील वर्षी जून महिन्यात शाळा उघडल्या, तेव्हा पारनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या विज्ञानकक्षातील संगणक सुरू होईना. पंखे फिरत, दिवे लागत, पण पडद्यावर चित्र नाही. यंत्र २०१२ च्या सुमाराचे, दुसऱ्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचे. त्यात एका माजी विद्यार्थ्याने पुढे कधीतरी ग्राफिक्स कार्ड बसवून दिले होते. एका बाजूला मॉनिटर आणि दुसऱ्या बाजूला प्रोजेक्टर जोडून विज्ञानाचे सर त्यावर जिओजेब्रा आणि फेटची सादृश्ये दाखवीत. प्रोजेक्टरला जोडलेले शाळेतील हे एकच यंत्र. ते बंद म्हणजे सगळेच बंद.

सर यंत्र घेऊन नगरला गेले. दुकानदाराने झाकण उघडून पाहिले आणि निदान केले, "सर, ग्राफिक्स कार्ड गेलंय. एवढ्या जुन्या मशीनला आता कार्ड मिळायचं नाही. नवीन सेटच घेऊन टाका." वेतनेतर अनुदानातून खडू, वीजबिल आणि प्रयोगशाळेतील रसायने भागवणाऱ्या शाळेला नवा सेट कुठून परवडणार? सरांनी पुण्याच्या एका दुकानातून 'दोन जीबीचे चांगले कार्ड' मागवून घेतले. ते खाचेत व्यवस्थित बसले. मात्र त्याच्या मागे मॉनिटरची निळी पंधरा टाचण्यांची केबल लावायला जागाच नव्हती. शंभर रुपयांचा जोड आणला, तोही बसेना. महिनाभर यंत्र कोपऱ्यात झाकून राहिले.

या प्रसंगात कोणी लबाडी केली असे मला वाटत नाही. दोन्ही दुकानदार आपल्या परीने खरे बोलले आणि सरांनीही खोक्यावरचे सगळे वाचले होते. अडचण नेमकी इथेच आहे. जुन्या संगणकासाठी कार्ड निवडायला जे कळावे लागते, ते खोक्यावर ठळक छापलेले नसते आणि जे ठळक छापलेले असते, त्याचा निवडीशी फारसा संबंध नसतो. हे लिखाण म्हणजे त्या खोक्याचे परीक्षण आहे असे समजावे.

चित्राचे गणित

ग्राफिक्स कार्ड काय करते, ते आधी पाहू. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असलेल्या पडद्यावर एकूण २०,७३,६०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदवायला चार बाइट धरले, तर एका चित्राला ८२,९४,४०० बाइट, म्हणजे सुमारे ८.३ मेगाबाइट जागा लागते. हे चित्र सेकंदाला ६० वेळा पडद्याकडे पाठवावे लागते, म्हणजे सेकंदाला सुमारे ५०० मेगाबाइट. सातवीच्या मुलांनाही हा गुणाकार करता येईल.

या गुणाकारातून एक गोष्ट लगेच दिसते. साधे चित्र दाखवण्यापुरते पाहिले, तर दोन जीबीच्या मेमरीचा अगदी छोटा कोपराच वापरला जातो. उरलेली मेमरी त्रिमितीय दृश्यांसाठी, खेळांसाठी आणि मोठ्या आकडेमोडीसाठी असते. अशा कामात लाखो ठिपक्यांवर एकच प्रकारचे गणित एकाच वेळी करावे लागते. म्हणून ग्राफिक्स चिपमध्ये शेकडो लहान गणकघटक शेजारी शेजारी काम करतात.

या रचनेची खरी ताकद पाहायची तर आपल्या शेजारीच जावे. पारनेरला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात खोडदला महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. प्रत्येक अँटेनाच्या संकेताची इतर प्रत्येकीच्या संकेताशी तुलना करावी लागते. तीस जणांनी एकमेकांशी एकदा हस्तांदोलन केले, तर जितकी हस्तांदोलने होतील तितक्या या जोड्या : ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५. सुधारित जीएमआरटीत एका वेळी नोंदवता येणारा तरंगपट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत नेण्यात आला. त्यामुळे वाढलेले हे तुलनेचे काम तेथे ग्राफिक्स चिपच करतात. ज्या जातीचा भाग खोडदला आकाशाचे संकेत जुळवतो, त्याच जातीचा लहान भाऊ शाळेच्या संगणकात पडदा रंगवत असतो. दोघांची गरज अर्थातच वेगळी आहे. कार्ड निवडताना आपली गरज खोडदची आहे की फळ्याशेजारच्या पडद्याची, हा प्रश्न पहिला विचारला पाहिजे.

जीबीचा भ्रम

आता खोक्यावरच्या सर्वांत मोठ्या अक्षरांकडे वळू. २ जीबी, ४ जीबी. हा आकडा मेमरीच्या साठ्याचा आहे. कार्डाचा वेग मात्र बऱ्याच अंशी त्या साठ्यातून सेकंदाला किती माहिती ये-जा करते यावर ठरतो. आपल्याकडे कांद्याच्या चाळी सर्वांच्या पाहण्यातल्या आहेत. चाळ केवढी मोठी आहे यावरून ट्रक किती वेळात भरेल ते सांगता येत नाही. ते दाराच्या रुंदीवर आणि हमालांच्या खेपांवर अवलंबून असते. कार्डाच्या बाबतीत दाराची रुंदी बिटमध्ये मोजतात आणि खेपांचा वेग सेकंदाला किती अब्ज असा सांगतात.

एनव्हिडिया कंपनीचे जीटी १०३० हे कार्ड मे २०१७ मध्ये आले. त्याची मेमरी २ जीबी, जीडीडीआर५ जातीची. दार ६४ बिटांचे, म्हणजे ८ बाइटचे. खेपा सेकंदाला ६ अब्ज. ८ गुणिले ६, म्हणजे सेकंदाला ४८ जीबी. पुढच्याच वर्षी त्याच नावाने दुसरे कार्ड बाजारात आले. मेमरी तीच २ जीबी आणि दारही तेच ६४ बिटांचे, पण मेमरी डीडीआर४ जातीची आणि खेपा २.१ अब्ज. ८ गुणिले २.१, म्हणजे १६.८ जीबी. नाव एक, जीबी तितकेच, पण वाहतूक जवळपास एकतृतीयांश. फरक काय तो 'डी४' किंवा 'डीडीआर४' या चारदोन अक्षरांचा!

त्याआधी २०१४ मध्ये आलेल्या जीटी ७३० ची कथा याहून गमतीची आहे. या एका नावाखाली तीन वेगळी कार्डे विकली गेली. एकात जुन्या फर्मी पिढीची चिप, ९६ गणकघटक आणि १२८ बिटांचे दार. दुसऱ्यात नंतरच्या केप्लर पिढीची चिप, ३८४ घटक, पण ६४ बिटांचे दार आणि संथ डीडीआर३ मेमरी; वाहतूक सेकंदाला १४.४ जीबी. तिसऱ्यात तीच केप्लर चिप आणि जीडीडीआर५ मेमरी. वाहतूक सुमारे ४० जीबी. शिवाय डीडीआर३ जातीत ४ जीबीची कार्डेही निघाली. म्हणजे ४ जीबी पाहून जास्त पैसे देणारा ग्राहक २ जीबीच्या जीडीडीआर५ कार्डापेक्षा संथ वस्तू घरी नेऊ शकत होता.

यावर कोणी म्हणेल, की हे सारे तपशील कंपनीच्या तक्त्यात दिलेले असतात, लपवलेले नसतात. ते खरे आहे. परंतु औषधाच्या दोन बाटल्यांवर एकच नाव छापून आतली मात्रा एकतृतीयांश केली आणि तसे बारीक अक्षरांत लिहिले, तर आपण ते चालवून घेऊ का? नावाचे काम ओळख पटवण्याचे. वेगळ्या गुणाच्या वस्तूंना एकच नाव दिले, की ते काम होत नाही. ही या व्यवसायाची वाईट सवय आहे आणि तिची किंमत मोजतो तो नेमका लहान खरेदी करणारा. महागड्या कार्डांच्या ग्राहकांना सल्लागार पुष्कळ मिळतात. दोन-चार हजारांच्या कार्डाचा ग्राहक म्हणजे शाळा, सायबर कॅफे किंवा एखादे घर. त्याच्यासाठी कोण तक्ते वाचणार?

बसेल, पण चालेल का?

दुसरा आक्षेप 'सर्व संगणकांना चालते' या तोंडी आश्वासनावर आहे. कार्ड यंत्रात चालण्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात. त्यांपैकी डोळ्यांना सहज दिसते ती एकच : खाच.

खाचेची गोष्ट तशी सोपी आहे. साधारण २००४ पासूनच्या मदरबोर्डांवर पीसीआय एक्स्प्रेस नावाची लांब खाच असते. तिच्या आवृत्त्या बदलल्या तरी नवे कार्ड जुन्या खाचेत चालावे अशी रचना आहे. त्याआधीच्या एजीपी खाचेत मात्र ही कार्डे बसत नाहीत. पण इथेही एक मेख आहे. एएमडीचे २०२२ मधील आरएक्स ६४०० हे कार्ड लांब खाचेत बसते, मात्र तिच्या सोळा मार्गिकांपैकी फक्त चार वापरते. नव्या यंत्रात प्रत्येक मार्गिका वेगवान असल्याने ते खपून जाते. शाळेतल्या त्या २०१२ च्या यंत्रात दुसऱ्या आवृत्तीची खाच आहे. तिच्या एका मार्गिकेतून सेकंदाला ५०० मेगाबाइट जातात. चार मार्गिकांतून २ जीबी. हेच कार्ड चौथ्या आवृत्तीच्या खाचेत याच्या जवळपास चौपट माहिती घेऊ शकते.

दुसरी गोष्ट वीज. खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून अधिक लागत असेल, तर पॉवर सप्लायमधून वेगळी सहा किंवा आठ टाचण्यांची तार यावी लागते आणि जुन्या सप्लायला ती बहुधा नसते. जीटी ७१० ला १९ वॉट, जीटी १०३० च्या पहिल्या रूपाला ३० वॉट आणि आरएक्स ६४०० ला ५३ वॉट पुरतात. म्हणून जुन्या यंत्रासाठी निवड याच गटात करावी लागते.

तिसरी गोष्ट चित्राची वाट. ती निळी पंधरा टाचण्यांची व्हीजीए जोडणी आयबीएमने १९८७ मध्ये आणली. तिच्यातून रंगांचे संकेत कमी-अधिक विद्युतदाबाच्या रूपात, म्हणजे अनुरूप पद्धतीने जातात. जीटी १०३० ज्या पास्कल पिढीतले आहे, त्या पिढीपासून एनव्हिडियाने हे अनुरूप संकेत देणे बंद केले. आमच्या सरांचा शंभर रुपयांचा जोड बसला नाही याचे कारण हेच. कार्डावरच्या पांढऱ्या डीव्हीआय जोडणीत चपट्या फटीभोवती चार छिद्रे असतील, तर तेथे अनुरूप संकेत मिळतात. ती नसतील, तर फक्त अंकीय संकेत मिळतात आणि मग साधा जोड उपयोगाचा नाही. आत चिप असलेला परिवर्तकच लागतो. ही चार छिद्रे मुलांना दाखवावीत. अनुरूप आणि अंकीय यांतला फरक फळ्यावरील दोन आलेखांपेक्षा त्यांतून चांगला कळतो.

चौथी गोष्ट यंत्र सुरू होतानाच्या मूळ प्रणालीची, बायोसची. जुन्या बायोसला काही नवी कार्डे ओळखता येत नाहीत आणि पडदा काळाच राहतो. इंटेलच्या आर्क मालिकेतील कार्डांचा पूर्ण वेग मिळायला तर मदरबोर्डात अशी सोय लागते, जी जुन्या बोर्डांवर नसतेच. अशा वेळी कार्ड सदोष ठरवून परत पाठवले जाते, वास्तविक दोष कोणाचाच नसतो.

आयुष्य ठरवते ते ड्रायव्हर

या चारही गोष्टी जुळल्या तरी पाचवी उरते आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप तिच्याबद्दल आहे. कार्ड चालवणाऱ्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. तो कंपनी जोवर सुधारत राहते, तोवर कार्ड व्यवहारात जिवंत. केप्लर पिढीचे, म्हणजे अनेक जीटी ७१० आणि ७३० कार्डांचे नवे ड्रायव्हर एनव्हिडियाने २०२१ मध्ये थांबवले. सुरक्षेच्या दुरुस्त्या सप्टेंबर २०२४ पर्यंत देण्याचे ठरले होते. जीटी १०३० च्या पास्कल पिढीचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील असे कंपनीने जाहीर केले आहे. कोरे, सीलबंद खोके विकत घेतले तरी आतल्या वस्तूचे घड्याळ केव्हाच सुरू झालेले असते. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, खताच्या गोणीवर असते, या खोक्यावर नसते.

त्यातच विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर अपेक्षित आहे. म्हणजे दुसऱ्या पिढीच्या आय-३ यंत्रात कितीही नवे कार्ड घातले, तरी ते त्या अटीत बसत नाही. तेथे लिनक्सचा मार्ग उरतो. लिनक्समध्ये इंटेल आणि एएमडीचे मुक्त ड्रायव्हर प्रणालीबरोबरच येतात, म्हणून जुन्या यंत्राला ते अधिक काळ साथ देतात.

हेही लक्षात घ्यावे, की कंपनीने प्रत्येक जुन्या चिपला कायमचे सांभाळावे अशी अपेक्षा करता येणार नाही. त्यालाही माणसे आणि पैसा लागतो. मागणी एवढीच आहे, की आधार केव्हा संपणार ती तारीख विकतानाच खोक्यावर छापावी. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये वस्तूंच्या दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाबाबत अहवाल दिला. सुटे भाग मिळणे, दुरुस्तीची माहिती मिळणे, सॉफ्टवेअरच्या सुधारणा मिळणे असे निकष त्यात आहेत. सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून सुचवली आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे, पण टेबलावरचा संगणक चार स्क्रूंनी उघडतो आणि त्याचा प्रत्येक भाग सुटा बदलता येतो. ज्या यंत्राची दुरुस्ती सर्वांत सोपी, तेच आपण सर्वांत आधी भंगारात काढावे, हे विचित्र नाही काय?

आधी निदान, मग खरेदी

शेवटचा आक्षेप आपल्या स्वतःवरच आहे. चित्र दिसले नाही, की कार्ड गेले, हे आपण तपासल्याशिवाय मान्य करतो. आपला जिल्हा मोठ्या अंशी पर्जन्यछायेचा आहे. कोरडी धूळ, उन्हाळ्यातील चाळिशीपार तापमान आणि कमी-जास्त होणारा विद्युतदाब यांनी कार्डाआधी पंखे, मेमरीची पट्टी आणि पॉवर सप्लायचे कपॅसिटर आजारी पडू शकतात. म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवावा. वीजपुरवठा पूर्ण बंद करून केबल काढावी. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर विद्युत घालवावी. ब्लोअरने धूळ काढावी. कार्ड आणि मेमरीची पट्टी काढून त्यांचे सोनेरी संपर्क स्वच्छ खोडरबराने हलके पुसावेत आणि परत बसवावेत. कार्डाचा पंखा अडकला आहे का, कपॅसिटरांची डोकी फुगली आहेत का, ते पाहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कार्ड पूर्ण काढून ठेवावे आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या स्वतःच्या जोडणीला लावून यंत्र सुरू करावे.

हे शेवटचे कशासाठी? २०११ पासूनच्या इंटेलच्या बहुतेक साध्या प्रोसेसरांत ग्राफिक्सचा भाग आतच असतो. वेगळे कार्ड बसवले, की तो सहसा आपोआप बाजूला ठेवला जातो आणि त्याचा विसर पडतो. नावाच्या शेवटी 'एफ' असलेल्या इंटेल प्रोसेसरांत आणि एएमडीच्या ७००० मालिकेपूर्वीच्या बऱ्याच रायझन प्रोसेसरांत ही सोय नाही, एवढा अपवाद ध्यानात ठेवावा.

पारनेरच्या त्या शाळेत आम्ही हेच केले. कार्ड काढले, निळी केबल मदरबोर्डाच्या मागच्या जोडणीला लावली आणि चित्र आले. जुने कार्ड खरोखरच गेले होते, दुकानदाराचे निदान चूक नव्हते. मात्र त्या बोर्डावर व्हीजीएबरोबर दुसरीही जोडणी होती. तिला परिवर्तक लावून प्रोजेक्टर जोडला. जिओजेब्राच्या रेषा आणि फेटमधला लंबक पूर्वीसारखाच हलू लागला. नवे कार्ड खोक्यात परत गेले. ज्याची गरजच नव्हती, त्याच्यावर शाळेचे काही हजार रुपये खर्च झाले होते. सर म्हणाले, "आधी हे काढून बघा, एवढं कोणी सांगितलं असतं तरी पुरे होतं."

प्रत्येक वेळी असे सुखान्त होत नाही. काही यंत्रांत आतले ग्राफिक्स नसते आणि कार्ड घ्यावेच लागते. वापरलेले कार्ड घेत असाल, तर अधिक सावध राहावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे खाणकाम ग्राफिक्स कार्डांवर होणे थांबले, त्यानंतर दिवसरात्र राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. जुन्या फर्मी चिपवर बदललेले बायोस चढवून तिला नव्या कार्डाचे नाव देण्याचेही प्रकार झाले आहेत. जीपीयू-झेड नावाची मोफत आज्ञावली चिपची खरी ओळख दाखवते. पैसे देण्याआधी ती दुकानातच चालवून पाहावी. आणि मदरबोर्डच गेला असेल किंवा पॉवर सप्लायसह दोन-तीन भाग एकदम बदलावे लागत असतील, तर मोह सोडून यंत्र अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्यावे, यातही शहाणपण आहे.

वर्गासाठी

डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या आयसीटी योजनेतून अनेक माध्यमिक शाळांत संगणककक्ष उभे राहिले. करार संपल्यावर यंत्रे शाळेची झाली आणि त्यांच्या दुरुस्तीची काळजीही शाळेचीच झाली. त्या काळापासून आपण मुलांना संगणकाचे भाग शिकवतो, म्हणजे त्यांची नावे पाठ करून घेतो. मदरबोर्ड म्हणजे काय, मेमरी म्हणजे काय, याची एका ओळीची उत्तरे मुले देतात. परंतु बिघडलेल्या यंत्रापुढे उभे राहून कोणता भाग दोषी आहे हे क्रमाने शोधणे, दोन खोक्यांवरचे आकडे गुणून त्यांची तुलना करणे, हे मात्र राहून जाते. विज्ञानाची पद्धत म्हणून आपण जे निरीक्षण, अनुमान आणि पडताळा शिकवतो, ते हेच आहे.

प्रत्येक शाळेच्या कपाटात एखादे मेलेले यंत्र असतेच. ते एका तासासाठी टेबलावर आणावे. मुलांना चार प्रश्न द्यावेत : खाच कोणती? सप्लाय किती वॉटचा? मागे जोडण्या कोणत्या? प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का? उत्तरे वहीत लिहून झाली, की मगच बाजाराची यादी करावी. कदाचित यादी करावीच लागणार नाही.